चंबळेकाठचें विद्यार्थिनगर

आपल्याकडील पुष्कळ घरांत कोटा हें नांव प्रथम शिरलें तें फरशीच्या रूपानें. स्वयंपाकघरांत, ओसरीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर जी हिरवट करड्या रंगाची फरशी आपण रोज पुसतों, ती राजस्थानच्या याच भागांतील खाणींतून येते. बायकांच्या बोलण्यांत तें आलें कोटा डोरियाच्या हलक्या, चौकटीदार साड्यांमुळें. त्यांचे विणकर कोट्याजवळच्या कैथून गांवीं राहतात. हल्लीं मात्र हें नांव निघतें दहावीचा निकाल लागला म्हणजे. “पोराला कोट्यास ठेवावें काय?” असा प्रश्न जेवतांना निघतो, आणि ज्यांनीं तें गांव कधीं पाहिलेलें नाहीं अशीं वडील माणसेंच त्याचा निर्णय करून मोकळीं होतात. तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, या हेतूनें गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार दिवस तेथें राहून आलों.

कोटा हें मुंबई-दिल्ली लोहमार्गावर, चंबळेच्या उजव्या तीरीं वसलें आहे. हाडा चौहानांचें हें जुनें संस्थान. गांवाच्या मध्यावर किशोरसागर तलाव असून त्याच्या मधोमध जगमंदिर नांवाची लहानशी इमारत आहे. सायंकाळीं पाणी स्थिर झालें म्हणजे ती जणूं पाण्यावर तरंगते आहे असा भास होतो. मराठी माणसाला या गांवाची आणखी एक ओळख आहे. शिंद्यांचा कारभार पाहण्यासाठीं येथें राहिलेल्या गुळगुळे घराण्याच्या दप्तरानें मराठ्यांच्या उत्तरेकडील राजकारणाचीं बहुमोल साधनें इतिहासास दिलीं आहेत. पुढें १९६० सालीं चंबळेवर बंधारा झाला, कालवे निघाले आणि गांव कारखान्यांचें झालें.

अशा एका कारखान्यांत, जे. के. सिंथेटिक्समध्यें, विनोदकुमार बन्सल नांवाचे अभियंते नोकरीस होते. स्नायू क्षीण करणारा असाध्य रोग त्यांना जडला. चालणें कठीण झालें तेव्हां घरींच बसून त्यांनीं मुलांना गणित शिकविण्यास आरंभ केला. त्यांचे विद्यार्थी आय्. आय्. टी.त जाऊं लागले. १९९१ सालीं त्यांनीं रीतसर वर्ग काढला. १९९७ सालीं कारखाना बंद पडला. परंतु तोंवर गांवाला दुसरा धंदा सांपडला होता. बन्सल २०२१ सालीं वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनीं तो धंदा इतका वाढविला कीं, २०२३ च्या सुमारास बाहेरगांवचे दोन लाखांवर विद्यार्थी येथें राहत होते. त्यानंतर ही संख्या बरीच घटली आहे.

तळवंडी, राजीव गांधी नगर, नदीपलीकडील कुन्हाडी या वस्त्यांतून हिंडलें म्हणजे एका निराळ्याच जगांत आल्यासारखें वाटतें. वसतिगृहांमागून वसतिगृहें, खालीं खानावळी, झेरॉक्सचीं दुकानें, भाड्यानें सायकली. भिंतींवर, खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर वरच्या क्रमांकानें आलेल्या मुलांचीं मोठालीं चित्रें. वर्ग सुटले कीं एकसारख्या पिशव्या पाठीवर घेतलेलीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलेंमुली रस्ता भरून टाकतात. दोन दिवस हिंडल्यावर आमच्या कुटुंबाच्या एक गोष्ट ध्यानांत आली. त्या म्हणाल्या, “अहो, या आळींत म्हातारें माणूस नाहीं कीं तान्हें मूल नाहीं.” खरोखरच, एकाच वयाची ती वस्ती होती.

या गर्दीमागचा हिशेब एकदां कागदावर मांडला पाहिजे. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस देशांतून २३ लाखांहून अधिक उमेदवार बसले; एम्. बी. बी. एस्.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षीं आय्. आय्. टी.च्या अखेरच्या परीक्षेस १,८०,२०० बसले. जागा होत्या १७,७४०. मुलें कितीहि हुषार असोत आणि कितीहि कष्ट करोत, त्यांतील बहुतेकांना जागा मिळणें शक्यच नाहीं. हें साधें त्रैराशिक आहे. तें बापानें स्वतः समजून घ्यावें आणि मुलाला निघण्यापूर्वीं सांगावें. आम्हांला भेटलेल्या मुलांपैकीं फार थोड्यांना घरून तें कोणीं सांगितलें होतें.

आपल्या शाळेंत पहिला येणारा मुलगा येथें येतो, आणि पहिल्याच चाचणीनंतर आपण हजारोंत कितवे, हें त्याला कळून चुकतें. चाचण्या वरचेवर होतात. गुणांवरून तुकड्या लावण्याची चाल पुष्कळ वर्षें चालत आली. तुकडी उतरली कीं झालेले मित्रहि सुटतात. घरीं हाच मुलगा गणपतींत ताशा वाजविणारा, धाकट्या बहिणीला सायकल शिकविणारा, आजोबांचीं औषधें आणून देणारा म्हणून ओळखला जाई. येथें यांतलें कोणालाच ठाऊक नसतें. त्याची ओळख एका आंकड्यानें होते, आणि हळूहळू तोहि स्वतःला त्याच आंकड्यानें ओळखूं लागतो. अभ्यासाचा भार पेलणारीं मुलें पुष्कळ असतात. हा दुसरा भार पेलणें फार अवघड. तळवंडींतील राधाकृष्णाच्या मंदिरांत एका भिंतीवर मुलें आपलीं मागणीं लिहितात. भिंत भरली कीं रंग देऊन ती पुन्हा कोरी करतात. बहुतेकांनीं क्रमांक मागितला होता. आईबापांना सुखी ठेव, एवढेंच मागणारीं अक्षरेंहि तेथें होतीं.

एके रात्रीं खानावळींत अमरावतीकडील एक मुलगा आमच्या शेजारीं जेवावयास बसला. मराठी ऐकून तो मोकळा झाला. घरून फोन येतो का, म्हणून विचारलें, तेव्हां म्हणाला, “रोज येतो, काका. बाबा विचारतात, टेस्टमध्यें किती पडले. आई विचारते, मागच्यापेक्षां वाढले का. मोठे काका त्यांच्या साहेबांच्या मुलाचे सांगतात.” मग भाकरी मोडतां मोडतां म्हणाला, “आजी मात्र मार्क विचारत नाहीं. टेस्ट म्हणजे काय तें तिला कळतच नाहीं. ती विचारते, भात मऊ असतो का रे, वरणावर तूप घालतात का. तिचा फोन आला म्हणजे त्या रात्रीं मला झोप नीट लागते.”

२०२३ सालीं या गांवांत पंचविसांवर विद्यार्थ्यांनीं आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला. लिहितांना हात अडखळतो. पण मुलाला पाठविणाऱ्यांपासून हें लपवून चालणार नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टांत जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं दोन महिने चाचण्या बंद ठेवविल्या. पोलिसांनीं ‘दरवाजे पे दस्तक’ नांवाचा उपक्रम काढला. रात्रीं अकराच्या सुमारास वसतिगृहाच्या व्यवस्थापकानें प्रत्येक दारावर थाप मारून मुलाची विचारपूस करावी. कोणी वरचेवर जेवत नसेल, कोणाचा डबा तसाच परत येत असेल, तर खानावळवाल्यानें व डबेवाल्यानें कळवावें, अशी ती योजना होती. जानेवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेऊं नये, असें मार्गदर्शन केलें. या सर्वांत दारावरची थाप आम्हांला अधिक शहाणपणाची वाटली. चार माणसांच्या घरांत हें काम कोणीं न सांगतां होतें. चहा घेतोस का, दिवा अजून कां जळतो, ताटांत एवढें कां टाकलेंस, असें कोणी ना कोणी विचारतेंच. येथें तेंच हुकूम काढून करवावें लागलें.

मूल कोट्यास पाठवावयाचें असो, लातुरास ठेवावयाचें असो, किंवा पुण्यांत खोली घेऊन अधिकाऱ्यांच्या परीक्षेस बसवावयाचें असो, कांहीं गोष्टी घरानें पाळाव्यात. तें मनानें जात आहे कीं आपल्या भिडेनें, हें आधीं पाहावें. ही परीक्षा न साधल्यास पुढचा रस्ता कोणता, तें जाण्यापूर्वींच ठरवावें. आणि त्या वेळीं पैसे फुकट गेले असें घरांत कोणी म्हणणार नाहीं, हें वडिलांनीं स्वतःच्या तोंडानें सांगावें. झोप तोडून वाचण्याचें कौतुक करूं नये. वाचलेलें डोक्यांत पक्कें बसण्याचें काम झोपेंतच होतें. आठवड्यांतून अर्धा दिवस पुस्तकावांचून जावा. फोनवर गुणांची चौकशी शेवटीं करावी, आणि कित्येक दिवस मुळींच करूं नये.

मूल जेवेनासें झालें, रात्र रात्र जागूं लागलें, बोलणें तोडूं लागलें, किंवा “आतां माझ्याच्यानें होत नाहीं”, “मी नसतों तर बरें झालें असतें”, असे शब्द त्याच्या तोंडून आले, तर तें नाटक समजूं नये. मिळेल त्या गाडीनें जावें. जीव नकोसा झाला आहे का, असें जवळ बसवून सरळ विचारावें; विचारल्यानें तो विचार मनांत येतो ही समजूत खोटी आहे, उलट बोलण्यास वाट मिळते. ज्वर आला तर आपण वैद्य आणतों, तसेंच येथें मनाच्या डॉक्टरांकडे नेण्यांत कमीपणा मानूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रींबेरात्रीं विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें. मुलाच्या वहींत तो लिहून द्यावा.

एकत्र कुटुंब असलें म्हणजे झालें, असेंहि समजण्याचें कारण नाहीं. दहा माणसें विचारपूस करणारीं असतात, तशींच दहा माणसें तुलना करणारींहि असतात. चुलतभावाचे गुण सांगणारे काका आपल्याच घरांत बसलेले असतात. त्यांना घरच्या कर्त्या माणसानें एकदां बाजूस घेऊन सांगावें. आणि फोन लागला कीं तो आधीं आजीच्या हातीं द्यावा.