दहा लिटरांत किती?

7 एप्रिल 2025, तलासरी

मार्चचा हिशेब लावला. दोन्ही पिकअप एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. घोलवडचा चिकू घेऊन वाशी मार्केटला जाणारी दहा लिटरांत 130 किलोमीटर गेली. डहाणूहून कासा, तलवाडा, विक्रमगडमार्गे जव्हारला किराणा पोचवणारी 95. धाकट्याने वहीत डोकावून निकाल देऊन टाकला, "दादा, जव्हारवाला डिझेल काढतो." जुना माणूस आहे तो. एवढ्यावर त्याच्यावर आळ घ्यायची माझी तयारी नाही.

8 एप्रिल, डहाणू

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या ओटीवर वही नेली. एसटीत डिझेल दहा लिटरांवर मोजतात, केपीटीएल म्हणतात त्याला. माझी सवयही त्यांच्यामुळेच. एसटीत भारमान बघतात, दर 10,000 किलोमीटरमागे गाड्या किती वेळा वाटेत बंद पडल्या तेही बघतात. पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही 1967 सालची संस्था आहे. देशभरातल्या एसटी महामंडळांचे असे आकडे ती एकत्र छापते.

"पण हिमाचलची बस गुजरातच्या बसशेजारी उभी करून शहाणपण येत नाही," काका म्हणाले. "तुझी जव्हारची गाडी जव्हारच्याच गाडीशी लाव. घाट आहे तो."

10 एप्रिल, तलासरी

चालकांची अदलाबदल केली, गाड्या आपापल्या मार्गावर ठेवल्या. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर लिहायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरायची. मध्ये सुटं डिझेल टाकायचं नाही.

खर्चाचा रकाना वेगळा आखला. वाशीची गाडी अच्छाडपलीकडे गुजरातेत भरते, तिथला भाव वेगळा. जव्हारची डहाणूत भरते. नुसते रुपये बघितले तर दोन गाड्यांची तुलना फसते. म्हणून आधी लिटर, मग रुपये.

12 एप्रिल, चारोटी

हनुमान जयंती. आजपासून महालक्ष्मीची यात्रा. हायवेवर विवळवेढ्यापाशी माणसंच माणसं, डहाणूहून एसटीच्या जादा गाड्या. वाशीची पिकअप इंजिन चालू ठेवून खोळंबली. वहीत या फेरीपुढे "यात्रा" लिहिलं. सरासरीत ही फेरी धरायची नाही.

17 एप्रिल, तलासरी

जव्हार, वाशीवाल्याच्या हातात: 96. वाशी, जव्हारवाल्याच्या हातात: 129. माणसं बदलली, आकडे होते तिथेच राहिले. धाकटा गप्प.

मग गेल्या वर्षीची वही काढली. एप्रिलमध्ये हीच गाडी, हाच घाट, एवढाच माल: 106. म्हणजे वाशीशी असलेली बहुतेक तफावत रस्त्याची. उरलेली दहाएक किलोमीटरची घट गाडीत शोधायची.

18 एप्रिल, डहाणू

गाडी जव्हारहून परतल्यावर काकांना बोलावलं. त्यांनी चारही चाकांजवळ हाताचा पंजा नेला, न टेकवता. तीन चाकं सारखी. मागच्या डाव्या चाकापाशी हात झटकन मागे घेतला. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं. ड्रम उघडला. ब्रेक शूची स्प्रिंग ढिली पडली होती, पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहत होता. एवढ्याशा स्प्रिंगपायी रोज डिझेल जळत होतं, लायनर झिजत होते ते वेगळंच. घाट उतरताना काय झालं असतं, ते काकांनी बोलून दाखवलं नाही.

28 एप्रिल, तलासरी

स्प्रिंग आणि लायनर बदलल्यावर जव्हारची गाडी 105 वर आली. धाकट्याने स्वतःहून वहीत दोन रकाने वाढवले: परतीचा माल आणि वाटेतले बिघाड. वाशीहून गाडी नुसते रिकामे क्रेट घेऊन येते. तिथे डिझेलपेक्षा मोठी गळती आहे, हे त्यालाच आधी दिसलं.

मेपासूनची मापं ठरली. वाशी 130, जव्हार 105. सलग दोनदा भरताना आकडा मापाच्या पाचाहून जास्त खाली गेला की आधी गाडी उघडायची, मग चालकाला विचारायचं. पगार यातल्या कुठल्याही आकड्याला बांधलेला नाही.