सोळा ओळींची स्क्रिप्ट

मार्च २०१२ मधील ही गोष्ट आहे. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि बडनेऱ्यात भारनियमन सुरू होते. रात्री वीज गेली की वसतिगृहाच्या सभागृहात माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर इतिहासाची उजळणी चालत असे. अडचण एकच होती. सव्वा तासात बॅटरी संपे आणि यंत्राचा तळ तव्यासारखा तापे. यंत्र जुने झाले, असे म्हणून मी मोकळा झालो होतो. परंतु एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, लाइन गेली हे त्याले समजते का? समजते त काटकसर काऊन नाही करत?"

प्रश्न रास्त होता. लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स प्रणाली होती. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो. म्हणून रविवारी आम्ही दोघे तो वाचायला बसलो.

उलगडले ते असे. वीज जाताच प्रणाली एका ठरावीक फोल्डरमधील छोट्या स्क्रिप्ट एकामागून एक चालवत असे आणि प्रत्येकीला एकच शब्द सांगत असे : बॅटरीवर असल्यास 'ट्रू', वीज असल्यास 'फॉल्स'. त्यांतील सोळा ओळींची एक स्क्रिप्ट ग्राफिक्ससाठी होती. 'ट्रू' मिळताच 'पॉवर प्रोफाइल' नावाच्या फाइलीत 'लो' हा शब्द लिहायचा, एवढेच तिचे काम. तो वाचून ड्रायव्हर ग्राफिक्स चिपचा वेग उतरवतो. वीज कमी लागते, उष्णताही घटते.

आमच्या यंत्रात मात्र दोन चिप होत्या. इंटेलची चिप होती 'कार्ड शून्य' आणि वीज खाणारी रेडिऑन 'कार्ड एक'. स्क्रिप्ट शून्याच्या दारी जात होती आणि तेथे तशी फाइलच नव्हती. रेडिऑन, कामात नसतानाही, जागीच राहत होती. त्रुटीचा संदेश दर वेळी निघत होता. पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तो 'डेव्ह नल'कडे वळवला होता. तेथे टाकलेले काहीही परत मिळत नाही.

मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे सर, तक्रार त केली होती, पण कोणी आयकलीच नाही."

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. न ऐकल्या गेलेल्या तक्रारींचा इतिहास मी वर्षानुवर्षे शिकवत होतो आणि समोरच्या यंत्राची तक्रार न वाचताच त्याला दोष देत होतो.

आम्ही शून्याच्या जागी एक लिहिला. त्या रात्री वीज गेली तेव्हा लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज मंदावला आणि उजळणी दोन तास चालली.

पुढे २०१३ साली लिनक्सच्या ३.११ या आवृत्तीपासून रेडिऑनच्या ड्रायव्हरला गरजेनुसार वीज कमीजास्त करण्याचे काम स्वतःच करता येऊ लागले. आमची स्क्रिप्ट निकामी झाली. त्याचे मला दुःख नाही. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलाने त्या रविवारी तेच केले. "यंत्र जुने झाले" हे गुरूचे म्हणणे त्याने मानले नाही. शाळेने त्याला दिलेले याहून मोठे शिक्षण मला ठाऊक नाही.

जय भीम!