पुढच्या मॅचला नक्की!

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही नम्र विनंती. शाळेत मराठीच्या तासाला आम्ही मराठी बोललो तरी मागच्या बाकावरून हसू यायचं. आज तीच मी मराठी विभागात लेख देतेय, आणि तोही कबड्डीवर! आमच्या शाळेतल्या सिस्टरना कळलं तर त्या बेशुद्धच पडतील. आम्हाला बास्केटबॉल होता, थ्रोबॉल होता, पण कबड्डी नव्हती. युनिफॉर्मला माती लागते ना!

पण मित्र-मैत्रिणींनो, मी कबड्डीची फॅन आहे. साधीसुधी नाही, पक्की. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा टीव्हीवर क्रिकेट शोधत होते आणि मध्येच ही मॅच लागली. झगझगीत दिवे, मॅटवर सात जण, आणि एकटाच शिरलेला चढाईपटू. बाबांना रिमोट परत मिळाला नाही. टीम कुठली निवडायची? विदर्भाची टीम तेव्हाही नव्हती, आजही नाही. महाराष्ट्राच्या दोनच, मुंबई आणि पुणे. मी पुणेरी पलटण निवडली. कारण अगदी तांत्रिक होतं, त्यांची जर्सी संत्र्याच्या रंगाची होती! नागपूरच्या पोरीला आणखी काय हवं?

त्या संत्र्याने मला दहा वर्षं आंबट तोंड करायला लावलं. मुंबईने २०१५ मध्ये विजेतेपद मिळवलंसुद्धा, आमची पाटी कोरीच. शेवटी १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या फायनलमध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवलं. पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले तेव्हा मी इथे फर्स्ट इयरला, होस्टेलच्या गॅलरीत, मोबाइलला रेंज यावी म्हणून अर्धी कठड्याबाहेर लटकलेली होते. मी अशी किंचाळले की रेक्टर मॅडम टॉर्च घेऊन वर आल्या. त्यांना वाटलं साप निघाला. (चंद्रपुरात काहीही निघू शकतं म्हणा. साप हा त्यातला सौम्य प्रकार.)

सेकंड इयरला रूम बदलली आणि माझ्या वाट्याला फायनल इयरची एक रूममेट आली. गडचिरोली जिल्ह्यातली, कुरखेड्याकडची. होस्टेलमध्ये सगळ्या तिला 'कुरखेडा'च म्हणायच्या. आश्रमशाळेत शिकलेली, मग डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. बोलायची कमी. पहिल्या आठवड्यात मी तिला पलटणची सगळी कुंडली ऐकवली. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेल्या संघातला, वगैरे वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू खेळतो का?"

"छे गं, मी फक्त बघते."

"मी खेळतो," ती म्हणाली.

आमच्याकडे विदर्भात पोरीसुद्धा 'जातो', 'खेळतो' म्हणतात. शाळेत असं बोललं की दंड व्हायचा. पण तिच्या तोंडी ते 'खेळतो' इतकं ठाम होतं की मला माझं 'बघते' फारच मवाळ वाटलं.

ती आपल्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची मुख्य चढाईपटू होती. रोज संध्याकाळी पाचला मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याने आखलेल्या मातीवर सराव. अनवाणी. रूमवर आली की पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी लावायची आणि मशीन डिझाइनची असाइनमेंट लिहायला बसायची. मी पलंगावर लोळत तिला पलटणचा गुणतक्ता वाचून दाखवायची.

तर तो २०२४ चा नोव्हेंबर. प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम अगदी मध्यावर आलेला. माझ्या मते फॅनसाठी हंगामाचा मध्य हाच सगळ्यात सुखाचा काळ. सुरुवातीची धाकधूक संपलेली असते आणि शेवटची रडारड अजून लांब असते. प्रत्येक टीमच्या २२ मॅचेस. आज हरलो तरी तीन-चार दिवसांत पुढची आहेच. आणि त्या हंगामात तर सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी तक्त्यात एक गुण मिळायचा. म्हणजे हरण्याचेसुद्धा मार्क! आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रेसिंग आणि एटीकेटी दोन्हीची सोय.

पलटणची गाडी मात्र तेव्हा घसरायला लागली होती. गतविजेते म्हणून दणक्यात सुरुवात केली, आणि नोव्हेंबरमध्ये अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. मी दोन दिवस मेसमध्ये नीट जेवले नाही. (मेसच्या वरणाचाही त्यात वाटा होता, हे प्रामाणिकपणे नमूद करते.) त्याच सुमारास कुरखेडाचाही गुडघा सुजला होता. ती रोज रात्री हळद-तेल गरम करून लावायची आणि सकाळी लॅबमध्ये तीन-तीन तास उभी राहायची. अस्लमच्या गुडघ्याची बातमी मी दिवसातून दहा वेळा मोबाइलवर शोधत होते. दोन हातांवर असलेल्या पलंगावरच्या गुडघ्याला "कसं आहे गं?" असं मी बहुतेक एकदाच विचारलं. हे आज लिहिताना लाज वाटते.

मग विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख आली. मॅच गडचिरोलीकडे, वैनगंगेच्या पलीकडे. आदल्या रात्री ती म्हणाली, "चाल ना तू बी. आपल्या कॉलेजचं ओरडाले कोणीच नसते."

मला जर्नल सबमिट करायचं होतं. आणि खरं सांगू? संध्याकाळी पलटणची मॅच होती. परत यायला रात्र होणार, एसटीत रेंज नाही, लोहारा सोडलं की सगळं जंगलच. मी म्हणाले, "पुढच्या मॅचला नक्की येते गं! प्रॉमिस."

ती हसली. "बरं," म्हणाली.

पहाटे सहाच्या लालपरीने बारा जणी गेल्या. महिलांना हाफ तिकीट, म्हणून स्पोर्ट्सच्या पैशात जाता-येता केळीही बसली, असं नंतर कळलं. रात्री साडेनऊला ती परत आली तेव्हा मी कानात इअरफोन घालून मॅच बघत होते. तिने बॅग ठेवली, पाय धुतले, चिकटपट्टी काढली. मी इअरफोन काढून विचारलं, "काय झालं?"

"२४-२२. हारलो."

"अरेरे! फक्त दोन गुणांनी! शेवटची चढाई कोणाची होती?"

"माझीच." एका गुणाने मागे होत्या. ती शिरली, एकीला हात लागला, परत फिरताना उजव्या कोपऱ्यातल्या पोरीने घोटा धरला. मध्यरेषा चार बोटं राहिली. चार बोटं तिने मला हाताने दाखवली.

आणि मी काय म्हणावं? माझ्या तोंडून निघालं, "प्रो कबड्डीत असतीस तर एक गुण मिळाला असता गं. सातच्या आत आहे ना!" नंतर सवयीने म्हणाले, "जाऊ दे, पुढची मॅच कधी आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पुढची कायची? नॉकआउट हाय बाप्पा ते. आन् मी फायनल इयरले."

मला तेव्हा कळलं. पहिली मॅच, तीच शेवटची. तिचा अख्खा हंगाम तीस मिनिटांचा होता, पंधरा-पंधराचे दोन डाव. जुलैपासून रोज संध्याकाळचा सराव, पावसातला चिखल, सुजलेला गुडघा, आणि मग तीस मिनिटं. तिच्या हंगामाला सुरुवात होती, शेवट होता, मध्य नव्हताच. आणि जो होता तो बघायला मी गेले नाही, कारण दहा वर्षं टीव्हीसमोर बसून मला सवय लागली होती की पुढची मॅच असतेच.

प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो'ची असते. स्टेडियम ओरडायला लागतं, पडदा लाल होतो. आपल्या कॉलेजच्या मुला-मुलींची प्रत्येक चढाई करो या मरोची असते. फक्त पडदा लाल होत नाही, आणि ओरडायला कोणी नसतं.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून मी तिला आणखी एक मूर्ख प्रश्न विचारला, "तू प्रो कबड्डीत का ट्राय करत नाहीस?" ती अंधारात म्हणाली, "पोरींची कुठं असते?"

इतकी मोठी फॅन मी, पण हा विचार मला कधी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शोधलं. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर मुलींची एक छोटी स्पर्धा झाली होती. तीन टीम होत्या. फायनल हैदराबादला, २४-२३, म्हणजे एका गुणाची! त्यानंतर ती पुन्हा झाली नाही. आणि याच मुलींनी २०२३ मध्ये हांगझौला चायनीज तैपेईला २६-२५ ने हरवून आशियाई सुवर्ण आणलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ढाक्यात विश्वचषकही जिंकला, ३५-२८, समोर पुन्हा चायनीज तैपेईच. जग जिंकलं, पण घरी परत आल्यावर २२ मॅचेसचा हंगाम नाही. खेळात सगळ्यात महाग गोष्ट बक्षिसाची रक्कम असेल असं मला वाटायचं. आता वाटतं, 'पुढची मॅच' हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे. आज चुकलं तर परवा दुरुस्त करायची संधी. आपल्याला परीक्षेत ती मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही.

पलटणचं काय झालं? त्या वर्षी बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. आणि बाद फेरी होती कुठे, तर पुण्यातच, बालेवाडीला! यजमानाच्या घरी लग्न आणि यजमानालाच पंगतीत पान नाही. पण पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, पलटण पुन्हा फायनलला पोचली. अस्लम परत आला होता. ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ ने हरलो. वाईट वाटलं, पण पूर्वीसारखं जेवण सुटलं नाही. त्यांना बारावा हंगाम मिळाला, तसा तेरावाही मिळेल.

कुरखेडा जूनमध्ये पास होऊन पुण्याकडे एका कंपनीत लागली. शिफ्ट ड्यूटी असते. खेळतेस का विचारलं तर म्हणते, "शॉपफ्लोअरवर कायची कबड्डी!" जाताना तिने तिची चिकटपट्टीची अर्धी गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली होती. विसरली की मुद्दाम ठेवली, मी विचारलं नाही.

मी खेळायला शिकले असं लिहिलं तर लेखाला छान शेवट येईल, पण ते खोटं होईल. दोन दिवस सरावाला गेले आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. पण ओरडता येतं की! यंदाच्या स्पर्धेला मी टीमबरोबर गेले. पहाटेची तीच लालपरी, तीच केळी, खिडकीतून धुक्यातलं जंगल, पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या आणि मग वैनगंगेचा पूल. माझ्याकडे पाण्याच्या बाटल्या, लिंबं, ग्लुकोज आणि ती अर्धी गुंडाळी. संत्र्याच्या रंगाचा टी-शर्ट घालून मी एकटी इतकी ओरडले की समोरच्या कॉलेजच्या मॅडमनी येऊन विचारलं, "तुम्ही कोच का?"

पहिली मॅच जिंकलो. दुसरी जिंकलो, तीसुद्धा शेवटच्या चढाईवर. तिसरी, सेमीफायनल, हरलो. पोरी रडल्या. मीही रडले. "जाऊ दे, पुढच्या वेळी" हे शब्द ओठांपर्यंत आले होते, ते गिळले. टीममध्ये दोघी फायनल इयरच्या होत्या. त्यांच्याजवळ जाऊन नुसती बसले.

परतीच्या एसटीत मूलच्या आसपास रेंज आली तेव्हा पुण्याला फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता. सगळं सांगितलं, कोणी किती गुण घेतले, घोटा कोणी धरला, रेषा किती राहिली. ती 'हं, हं' करत ऐकत होती. शेवटी विचारलं, "म्हणजे तीन मॅच झाल्या?"

"हो, तीन."

थोडा वेळ नुसता मशीनचाच आवाज आला. मग ती म्हणाली, "मंग एक तं मधातली झाली ना बाप्पा."