वेग आणि निजानीज

यंत्राला त्याच्या कर्त्यानें नेमून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें पळविण्याची हौस माणसाला कां असावी, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाहीं. पण ती असते, आणि आमच्या घरांत ती माझ्या पुतण्याच्या ठायीं पुरेपूर आहे. या हौसेचें नांव ओव्हरक्लॉकिंग. आमचा संगणक २०१२ सालीं घेतलेला, अजून चालू आहे. त्यांतील प्रोसेसर इंटेलचा कोअर आय ५-२५००के. त्याचा नेमस्त वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ३३ नें गुणून हा वेग मिळतो, आणि नांवांतील ‘के’चा अर्थ असा, कीं तो गुणक वाढविण्याची मोकळीक कंपनीनेंच ठेवली आहे. ३३ च्या जागीं ४५ लिहिले, कीं झालें!

झालें असें पुतण्याला वाटतें. लग्नाच्या चित्रफिती जुळवून तो चार पैसे मिळवितो, व हें काम रात्रींच चालतें. पण ज्या खोलींत संगणक आहे तिच्यांतच माझे वडील निजतात. अण्णांचें वय ८४. झोप अति सावध. एकदां मोडली कीं पहांटेपर्यंत लागत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं रक्तदाब चढतो. एकत्र कुटुंबांत यंत्राला निराळी खोली कोठून मिळणार?

गुणक वाढविला तरी कांहीं अंतरापर्यंत चिप कुरकुरत नाहीं. पुढें मात्र तिचे हिशेब चुकूं लागतात, व ते सावरण्यासाठीं विजेचा दाब वाढवावा लागतो. मेख येथेंच आहे. चिपमधील उष्णता मुख्यत्वें वेगाच्या प्रमाणांत वाढते खरी, परंतु दाबाच्या बाबतींत ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आमच्या चिपला ४ गिगाहर्ट्झपर्यंत १.२ व्होल्ट पुरले, ४.५ साठीं १.३५ लागले. म्हणजे ४ वर वेग २१ टक्के अधिक व उष्णताही साधारण तितकीच, ४.५ वर वेग ३६ टक्के अधिक, पण उष्णता ७३ टक्के!

ती बाहेर काढणारी योजना मोठी सुबक असते. तांब्याच्या बंद नळ्यांतील किंचित् द्रव चिपपाशीं उकळतो, त्याची वाफ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत निवते व द्रव होऊन परत येते. या सर्वांत आवाज म्हणून नाहीं. पुढें मात्र भिस्त पंख्यावर, आणि पंख्याचे फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनीं चढतो. म्हणून लहान पंखा गरगरविण्यापेक्षां १४० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरविणें बरें. आणखी एक गोष्ट आम्हांला अण्णांनींच शिकविली. एकसुरी घरघर त्यांना बाधत नाहीं. मध्येंच चढणारा सूर बाधतो. तेव्हां ६५ अंशांपर्यंत पंख्यानें गति बदलावयाचीच नाहीं, असें आम्हीं ठरविलें.

कसोटीसाठीं प्राइम९५ हा कार्यक्रम तासभर चालविला. सतराव्या शतकांतील मेर्सेन नांवाच्या फ्रेंच साधूच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मूळ संख्या शोधण्याचा हा उद्योग. विरक्ताच्या गणितानें आमचा संगणक तापावा, ही मौजच! खोली २७ अंश असतां, त्याच संथ पंख्यावर, ४ गिगाहर्ट्झला चिप ६२ अंशांवर स्थिरावली, ४.५ ला ७७ वर. ७७ अंशांत चिपला धोका नाहीं, हें पुतण्याचें म्हणणें अगदीं बरोबर आहे. शंभरीच्या जवळ गेल्याशिवाय ती आपण होऊन वेग कमी करीत नाहीं. पण चैत्रांत आमची खोली दहा अंशांनीं अधिक तापते, आणि ते दहा अंश जसेच्या तसे चिपच्या माथीं येतात. मग पंखा ओरडणारच. आणि एवढें करून मिळावयाचें काय? ४ वर दोन तास घेणारें काम ४.५ वर फार तर तेरा मिनिटें आधीं उरकतें.

तेरा मिनिटांसाठीं अण्णांची रात्र घालविण्यास पुतण्याही तयार झाला नाहीं. गुणक ४० ठरला. मार्गशीर्ष-पौषांत खोली गार असते, तेव्हां तो ४२ मागतो, आणि अण्णांना न विचारतां मी होकार देतों. चैत्र लागला कीं पुन्हां ४०.