कलकत्त्यात एक रात्र : ग्रँड की ग्रेट ईस्टर्न?

एखाद्या जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात एक तरी रात्र राहावं, असं तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेलं असेल. आणि पाठोपाठ हिशेबही आला असेल! एका रात्रीच्या पैशांत घरचा महिन्याचा किराणा भरतो. माझ्या शाळेतल्या अर्धवेळ पगारातून मी हे पैसे बाजूला टाकले होते. म्हणून कलकत्त्याला निघताना ह्यांना आधीच सांगून ठेवलं, बाकी मुक्काम तुम्ही म्हणाल त्या लॉजमध्ये. ही एक रात्र मात्र मी निवडणार.

निवड दोघांतून होती. चौरंगीवरचं ग्रँड आणि लालदिघीजवळचं ग्रेट ईस्टर्न. दोन्ही शंभरी ओलांडलेली आणि एकमेकांपासून चालत जाण्याजोगी.

ग्रँड उभारलं ते अराथून स्टीफन या आर्मेनियन गृहस्थांनी. १९३७ मध्ये तिथे टायफॉईडची साथ आली, काही पाहुणे दगावले आणि हॉटेल बंद पडलं. अशी बदनाम झालेली वास्तू १९३८ साली भाड्याने घेतली मोहनसिंग ओबेरॉय यांनी. सिमल्याच्या एका हॉटेलात ते आधी साधे कारकून होते. १९३४ साली तिथलंच क्लार्क्स हॉटेल विकत घेताना त्यांनी पत्नीचे, ईशरनदेवींचे, दागिने गहाण टाकले होते. ओबेरॉय हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, ईशरनदेवींचं किती जणींना?

ग्रेट ईस्टर्नची सुरुवात तर भट्टीपासूनच. डेव्हिड विल्सन नावाच्या पाववाल्याने १८४० च्या सुमारास बेकरीला जोडून हॉटेल काढलं. त्या काळी एकाच छपराखाली किराणा, कपडालत्ता, सगळं मिळायचं. पुढे सत्तरच्या दशकात ते सरकारकडे गेलं, रया गेली, २००५ मध्ये विकलं गेलं आणि दुरुस्तीनंतर २०१३ मध्ये ललित ग्रेट ईस्टर्न म्हणून पुन्हा उघडलं. इथे एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. त्यात जुन्या इमारतींबरोबर एक नवाकोरा भागही आहे. खोली कुठल्या भागातली, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारा. नव्या भागातच झोपायचं तर कलकत्त्यापर्यंत यायचं कशाला? ग्रँडलाही फोन करून कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का, ते विचारून घ्या.

बरोबर सासूबाई असतील, खरेदी करायची असेल, तर बाई, ग्रँडच बरं. मागे १८७४ सालचं न्यू मार्केट, त्याच रस्त्यावर इंडियन म्युझियम, समोर मैदान. दारातल्या कमानींखाली फेरीवाल्यांची ही गर्दी! गुडघे दुखत असले तरी वेळ छान जातो.

मी मात्र ग्रेट ईस्टर्न घेतलं, जुन्या भागातली खोली मागून. मला पावाची भट्टी आपली वाटली, एवढंच म्हणा! ह्यांचं मत ग्रँडच्या बाजूने होतं. रविवार होता, आणि रविवारी तो कचेऱ्यांचा भाग अगदी रिकामा असतो. सकाळी सहाला आम्ही दोघंच बाहेर पडलो. लालदिघीच्या पाण्यावर रायटर्स बिल्डिंगची लाली, पलीकडे जीपीओचा पांढरा घुमट. ट्रामगाडी नाही, हॉर्न नाही. चालता चालता आमचं मुलांच्या शाळेव्यतिरिक्त बोलणं झालं, तेही तासभर!

हावडा स्टेशनवरून टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करू नका. २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालून मेट्रो जाते. ग्रेट ईस्टर्नसाठी महाकरणला उतरा, ग्रँडसाठी पुढच्या एस्प्लनेडला. सामान मात्र बेताचंच ठेवा.