केळं चारण्याआधी

मुलानं नाणं गिळलं की बऱ्हाणपुरात घरातली आजी पहिल्यांदा काय सांगते? "पोराले केयं चारा." केळीचा जिल्हा, घरात फणी असतेच. दोन-चार दिवसांत नाणं शीतून पडतं आणि केळ्याचं नाव होतं. खरं तर गिळलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के आपोआपच बाहेर पडतात.

केळ्याचं नुसतं नाव झालं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण नाणं अन्ननलिकेतच अडकलेलं असेल, तर केळ्याचा लगदा त्याच्यावर बसतो. शिवाय दुर्बिणीनं काढायचं तर भूल लागते आणि भुलेसाठी घन अन्नानंतर साधारण ६ तास पोट रिकामं हवं. म्हणून एक्स-रे होईपर्यंत खायला काही देऊ नये. उलटी करवू नये, घशात बोट घालू नये.

*

एक्स-रे मानेपासून ओटीपोटापर्यंतचा हवा. नाणी बहुतेकदा अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी अडकतात. मूल लाळ गाळतंय, थुंकीही गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय, तर थांबायचं नाही. त्रास काहीच नसेल तर डॉक्टर १२ ते २४ तास वाट पाहू शकतात. जठरात उतरलेल्या नाण्यासाठी मात्र काही आठवडेही धीर धरता येतो.

*

सेलची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. 'सीआर २०३२' हा चपटा सेल वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर. २०१९च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणंही २० मिलिमीटरचंच. "नाणं गिळलं" म्हणून आलेल्या मुलाच्या पोटात काय आहे, हे नुसत्या आकारावरून कळत नाही. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, बाजूनं घेतलेल्या चित्रात पायरी दिसते.

सेल फुटून आतलं रसायन सांडतं, असा समज आहे. पण न फुटताही तो जाळतो. ओल्या अन्ननलिकेत अडकला की त्यातून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि मांस जळतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. सेल काढल्यावरही जखम खोल जात राहते, कधी महाधमनीपर्यंत.

आता अंतर बघा. बऱ्हाणपुराहून खंडवा सुमारे ७० किलोमीटर, इंदूर १८० च्या आसपास, वाटेत घाट. म्हणजे दोन तास रस्त्यातच संपतात. म्हणून एक्स-रे गावातच, लगेच काढावा, आणि निघण्याआधी फोन करून विचारावं: लहान मुलाला आत्ता, या वेळी, दुर्बीण टाकणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आहेत का?

*

खायला काही नको, याला एक अपवाद आहे: मध. मूल एक वर्षाहून मोठं असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. हे गाडीत बसून द्यायचं. मधासाठी निघणं लांबवायचं नाही. वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको.

*

खेळण्यातली चुंबकं: एक असेल तर सहसा निभावतं. दोन असली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटून भोक पडतं. मूल हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी दाखवावं.

*

शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचं खांड यांचा धोका श्वासनलिकेला. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल तर पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पाच थापा. वर्षाखालच्या बाळाला त्यानंतर छातीवर पाच दाब, मोठ्या मुलाला पोटावर. वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून.

*

चेव्हलिअर जॅक्सन या अमेरिकी डॉक्टरांनी मुलांच्या-माणसांच्या घशातून, श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. ते काढूनच थांबले नाहीत. दाहक रसायनांच्या डब्यांवर धोक्याची सूचना असावी म्हणून झगडले, आणि १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. चपट्या सेलच्या कप्प्यांसाठी तिथे कायदा व्हायला २०२२ उजाडलं. आपण निदान विकत घेताना कप्प्याला स्क्रू आहे का, एवढं पाहू शकतो.

*

सेल गिळला असेल तर दवाखान्यात जाताना तसाच दुसरा सेल किंवा त्याचं रिकामं पाकीट बरोबर घ्यावं. त्यावरचा आकडा डॉक्टरांना लागतो.