पाकिटातले गुलाबजाम आणि दालचिनीच्या कुकीज

मागच्या डिसेंबरात आमच्या ऑफिसात प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं ठरलं होतं. मी दालचिनीच्या कुकीज नेल्या. डबा दहा मिनिटांत रिकामा झाला. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "सगळं घरी केलंस?"

मी म्हटलं, "हो."

तसं ते खोटं नव्हतं. कुकीज मीच वळल्या होत्या, मीच भाजल्या होत्या. पण पीठ होतं खोक्यातलं. किराणा दुकानात मिळतं ते तयार व्हॅनिला केक मिक्स. आणि ते रिकामं खोकं मी आदल्या रात्री चपटं करून, एका कागदी पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी सरकवलं होतं. फ्लॅटमधल्या मैत्रिणींना दिसू नये म्हणून.

"हो" म्हणताना मला ती पिशवी आठवली. आणि तिच्यामागोमाग आई आठवली.

माझी आई मिरजेला पोस्टात नोकरीला होती. दिवाळीत घरी पाहुणे आले की ती गुलाबजाम करायची, तयार पिठाच्या पाकिटातले. ऑफिसातून येऊन, साडी न बदलता, ती एका बाजूला पाक ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला गोळे वळायची. एका दिवाळीत, मी पाचवी-सहावीत असेन, आत्या गुलाबजाम खाऊन म्हणाली, "वहिनी, काय मऊ झालेत! खवा कुठून आणला?" आईने तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "खवा नाहीच! पाकिटातले आहेत!"

सगळे हसले. आजी म्हणाली, "नोकरी करणाऱ्या बायकांना कुठला वेळ!" आईही हसली आणि वाट्या गोळा करून आत गेली. त्यानंतर मी पाहिलं, ती रिकामी पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायची. का, ते मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला स्वतःचं खोकं लपवावं लागलं.

जानेवारीत आई राणी चेन्नम्माने बंगळुरूला माझ्याकडे आली. रविवारी मी तिला म्हटलं, "चल, तुला कुकीज करून दाखवते." या वेळी खोकं ओट्यावर, तिच्या समोरच ठेवलं.

पहिल्यांदा केल्या तेव्हा माझी काय फजिती झाली, तेही सांगितलं. खोक्यामागे केकसाठी लिहिलं होतं तेवढं सगळं दूध मी ओतलं होतं. ट्रेमध्ये सोळा कुकीजची मिळून एकच भाकरी झाली. केकला पातळ पीठ लागतं, कुकीजना घट्ट. खोक्यात मैदा, साखर आणि बेकिंग पावडर आधीच मोजून घातलेली असते. आपण फक्त ओलावा कमी करायचा आणि लोणी घालायचं. सगळी गंमत एवढीच.

प्रमाण सांगते. अंडं न लागणारं २५० ग्रॅम व्हॅनिला केक मिक्स, ६० ग्रॅम मऊ झालेलं बटर आणि दोन मोठे चमचे घट्ट दही. पाणी, दूध काही नाही. हे सगळं चमच्याने कालवून, मग हाताने हलकेच एकत्र करायचं. फार चिकट वाटलं तर दोन चमचे मैदा. गोळा पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा. एका ताटलीत तीन चमचे साखर आणि एक चमचा दालचिनी पूड मिसळून ठेवायची. पेढ्याएवढे गोळे करून त्यात घोळवायचे आणि ट्रेमध्ये अंतर सोडून मांडायचे, कारण ते पसरतात. ओटीजी आधी तापवून १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं. कडा जराशा सोनेरी झाल्या की बाहेर. मधे मऊ लागल्या तरी घाबरायचं नाही, ट्रेमध्येच पाच मिनिटं ठेवल्या की धरतात. अमेरिकेत दालचिनी-साखरेत घोळवलेल्या अशा कुकीजना स्निकरडूडल म्हणतात. त्यांना जी किंचित आंबट चव असते, ती इथे दही देतं.

आईने पूड हुंगली आणि म्हणाली, "विकतची पूड कशाला? मी गरम मसाल्याची दालचिनी आणलीये, तीच कुटू." मग तिने खलबत्त्यात दोन तुकडे कुटले आणि चहाच्या गाळणीतून चाळले. स्वयंपाकघरभर वास सुटला. दालचिनी म्हणजे आपल्याला पुलाव, नाहीतर मटणाचा मसाला. गोडात ती फारशी जात नाही. आई म्हणाली, "वास मसालेभाताचा आणि पदार्थ गोड, मजाच आहे."

गोळे वळताना तिने विचारलं, "यात अंडं मुळीच नाही?" त्यावरून मला एक वाचलेली गोष्ट आठवली. तयार पिठाची खोकी अमेरिकेत १९३०च्या दशकात आली. पिट्सबर्गमधल्या काकवी विकणाऱ्या एका कंपनीने ती आणली. आधी त्यात अंड्याची पूडही घातलेली असायची, नुसतं पाणी ओतलं की झालं. पण बायकांना ताजं अंडं स्वतः फोडून घालायला आवडतं, हे कंपनीच्या लक्षात आलं. मग पुढच्या पेटंटमध्ये अंडं खोक्यातून काढून करणारीवर सोपवलं. थोडक्यात, करणारीचा हात लागायला जागा ठेवली.

आई ऐकत होती. म्हणाली, "आपल्याकडे पाक असतो ना तसा. गुलाबजामचं पाकीट कुणीही आणेल, पण पाक एकतारी झाला की नाही ते आपल्यालाच बघावं लागतं."

गुलाबजामचा विषय तिनेच काढला होता. मी हातातला गोळा ताटलीत ठेवला आणि म्हटलं, "आई, त्या दिवाळीत आत्यासमोर मी पाकिटाचं बोलले होते. आठवतं?"

"आठवतं की."

"तुला वाईट वाटलं होतं ना?"

ती लगेच बोलली नाही. साखरेत गोळा फिरवत राहिली. मग म्हणाली, "वाटलं. तुझ्यापेक्षा सगळे हसले त्याचं जास्त. साडेसहाला घरी येऊन चाळीस गुलाबजाम तळले होते, ते कुणाला दिसले नाहीत. पाकीट तेवढं दिसलं."

मी "सॉरी" म्हटलं. आईला सॉरी म्हणायची आपल्याकडे सवय नसते, त्यामुळे तो शब्द फार विचित्र वाटला. ती म्हणाली, "अगं, लहान होतीस. आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त गुलाबजाम तूच खाल्लेस. सात. मी मोजले होते."

मग तीच हसायला लागली. "आणि तुझ्या आजीची नानकटाई आठवते का? मे महिन्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या. पीठ मळायचा बेकरीवाला, भाजायचा बेकरीवाला. पत्र्याचा डबा भरून घरी आला की म्हणायच्या, माझी नानकटाई! आम्ही कधी काही बोललो का?"

पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी ओट्याशीच उभ्या होतो. वरची साखर तडकून त्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. आईने एक मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "चहा टाक."

सोमवारी उरलेल्या कुकीज ऑफिसात नेल्या. त्याच मैत्रिणीने कृती विचारली. मी फोनमधला खोक्याचा फोटो दाखवला आणि म्हटलं, "हे आण, दूध घालू नकोस आणि दालचिनी घरी कुट." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

तुमच्या घरीही कुणीतरी दमून घरी येऊन पाकीट फोडत असेल. पुढच्या वेळी पदार्थ आवडला तर आधी तेवढं सांगा. पाकिटाची चौकशी नंतरही करता येते.